ईटीओचं मशीन 'कम्प्लीट' म्हणालं, तरी सामान बाहेर काढू नका

सकाळी साडेआठला ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, फोन येतो. "सिस्टर, काल दिलेली कॅमेरा केबल झाली का? सर आलेत." मी आधी घड्याळाकडे बघते, मग रजिस्टरकडे. लोड काल रात्री साडेदहाला संपलाय. इंडिकेटरची पट्टी रंग बदलून बसलीय, पाउचचं सील शाबूत आहे, आतली केबल निर्जंतुक आहे. तरी मी सांगते, "साडेदहाच्या आत मिळणार नाही." पलीकडे जरा शांतता. मग, "अहो, पण झालीय ना?"

झालीय आणि झाली नाही, दोन्ही खरं आहे. जंतू मेलेत, पण मारायला आत सोडलेला गॅस, म्हणजे इथिलीन ऑक्साइड, ज्याला आम्ही ईटीओ म्हणतो, अजून केबलच्या रबरात बसलाय. हे फोनवर अर्ध्या मिनिटात पटवता येत नाही, म्हणून इथे निवांत लिहितेय. मी सतरा वर्षं सीएसएसडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात, आहे. त्याआधी सात वर्षं ओटीत होते, म्हणजे त्या फोनच्या दोन्ही टोकांना उभी राहिलेय. हे लिखाण वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममधल्या सिस्टर, मामा आणि टेक्निशियन मंडळींसाठी आहे. तिथे ईटीओचं एक छोटं मशीन असतं, आणि ते बसवून शिकवून गेलेला माणूस पुन्हा फिरकत नाही.

गॅस बसतो कुठे

घरी लसणाची चटणी स्टीलच्या डब्यात ठेवा. संपली की डबा घासला, वास गेला. तीच चटणी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. चार वेळा घासा, उन्हात ठेवा, तरी पुढच्या आठवड्यात त्या डब्यातल्या पोळ्यांना लसणाचा वास. ईटीओचं गणित हेच आहे. स्टील आणि काचेवर गॅस वरवर बसतो आणि उडून जातो. पीव्हीसी, पॉलीयुरेथेन आणि रबर तो आत शोषून घेतात आणि सावकाश सोडतात. सिलिकॉन पटकन पितं, पण पटकन सोडतंही. म्हणून ईटी ट्यूब (श्वासनलिकेत घालायची नळी), सक्शन ट्यूब, व्हेंटिलेटर सर्किट, रबरी मास्क ही आपली रेंगाळणारी मंडळी.

इथिलीन ऑक्साइड 10.7 अंशाला उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या पौषातल्या थंडीतही खोलीत तो गॅसच असतो. कागदातून, पाउचच्या फिल्ममधून, दीड मीटर लांब नळीच्या पोटातून तो आरपार जातो, म्हणून तर आपण तो वापरतो. जंतूंच्या प्रथिनांना आणि डीएनएला जाऊन तो चिकटतो. आपल्या पेशींनाही तसाच चिकटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली त्याला गट 1 मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे नक्की असलेल्या पदार्थांत. घाबरून मशीन बंद करा असं मी म्हणत नाही. उष्णता न सोसणाऱ्या सामानासाठी अजूनही त्याच्याइतकं खोलवर पोहोचणारं फार थोडं आहे. अमेरिकेत तर निर्जंतुक करून विकल्या जाणाऱ्या वैद्यकीय साधनांपैकी जवळजवळ निम्मी याच गॅसमधून जातात.

त्यामुळे पहिला नियम असा की जे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या मशीनमध्ये, जाऊ शकतं ते ईटीओत घालू नका. गॉज, लिनन, स्टीलचे सेट, ऑटोक्लेव्ह चालणारे सिलिकॉन मास्क हे सगळं वाफेत. "मशीन लावतोच आहोत तर हेही टाका" हे वाक्य मी आमच्याकडे बंद केलंय.

कोरडं करणं, म्हणजे अर्धं काम

उरलेला गॅस म्हटलं की सगळे फक्त ईटीओचा विचार करतात. पण मागे राहणाऱ्या गोष्टी तीन आहेत. एक, गॅस स्वतः. दोन, तो पाण्याला भेटला की होणारं इथिलीन ग्लायकॉल, गाडीच्या रेडिएटरच्या कूलंटमध्ये असतं तेच. तीन, तो क्लोराइडला भेटला की होणारं इथिलीन क्लोरोहायड्रिन, ज्याला लॅबवाले ईसीएच म्हणतात. आता उकळायचे आकडे बघा: गॅस 10.7 अंश, ईसीएच साधारण 128, ग्लायकॉल साधारण 197. एअरेशन म्हणजे काय, तर 50-60 अंशाची गरम हवा. ती गॅसला हाकलते. बाकीचे दोघे तिला दाद देत नाहीत. ते होऊच न देणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ती संधी मशीनचं दार लावण्याआधीच असते.

म्हणून नळी धुतल्यावर शेवटचं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. सलाइनने खळबळून तशीच पॅक केलेली नळी मी परत पाठवते, आणि हायपोक्लोराइटमध्ये बुडवून नीट न धुतलेलीसुद्धा. दोन्हींत क्लोराइड आलं. मग नळीतून दाबाची हवा सोडायची. थेंब निघून गेले की नाही हे पाहायला माझी साधी रीत आहे. नळीचं दुसरं टोक टिश्यू पेपरवर धरायचं आणि हवा सोडायची. कागदावर एक जरी ओला ठिपका आला तरी परत. तीन-चार ठिकाणी वळलेल्या सर्किटच्या घड्यांमध्ये पाणी हमखास दडून बसतं. ते लटकवून ठेवायचं, दोन्ही तोंडं खाली. स्टॉपकॉक उघडे, टोपणं काढलेली, स्टायलेट (नळीतली ताठ तार) बाहेर, एम्बू बॅगचे (हाताने दाबून श्वास देण्याच्या फुग्याचे) व्हॉल्व्ह सुटे. ट्यूबच्या कफची, म्हणजे टोकाजवळच्या फुग्याची, हवा काढून टाकलेली.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. मशीनला दमटपणा लागतो, 40 ते 80 टक्के आर्द्रता नसेल तर गॅस जंतूंना नीट मारत नाही. मग नवीन मुली विचारतात, "सिस्टर, ओलं चालेल ना मग?" नाही. हवा दमट हवी, वस्तू ओली नको. दमटपणा मशीन स्वतः देतं. तेलपाणी केलेली, ग्रीस लावलेली हत्यारंही नकोत, कारण तेलाखाली गॅस पोहोचत नाही.

पॅकिंग आणि रचना

कागद-प्लॅस्टिकचं पाउच किंवा टायव्हेक (गॅस आरपार जाऊ देणारं, कागदासारखं दिसणारं प्लॅस्टिक). फॉइल नाही, नायलॉन नाही, झाकणाचा स्टील ड्रम नाही. गॅस ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने बाहेर येतो, त्यामुळे वाट रुंद ठेवायची. पाउचवर काही लिहायचं तर प्लॅस्टिकच्या बाजूला किंवा लेबलवर, कागदावर बॉलपेन चालवायचं नाही. पाउच ताटासारखे एकावर एक रचू नका. ताटाळ्यात ताटं लावतो तसे उभे लावा, एकाची कागदी बाजू दुसऱ्याच्या प्लॅस्टिककडे. मध्ये हात सरकला पाहिजे. भिंतीला काही टेकलेलं नको. तारेची जाळीची बास्केट उत्तम, प्लॅस्टिकचे क्रेट नकोत, ते स्वतःच गॅस पिऊन बसतात. फोम किंवा थर्माकोलमध्ये गुंडाळून आलेली वस्तू मी सरळ उघडून घेते.

आणि धुळीपासून वाचवायला जे वरचं प्लॅस्टिकचं कव्हर घालतो, ते एअरेशन पुरं झाल्यावर. आधी घातलंत तर गॅसला कुलूप लावल्यासारखं होतं.

एअरेशन

आमच्याकडचं मशीन 136 लिटरचं आहे आणि कार्ट्रिज 100 ग्रॅमचं. दार बंद झाल्यावर, आत व्हॅक्यूम झाल्यावर, कार्ट्रिज फुटतं. भागाकार केला तर लिटरला साधारण 735 मिलिग्रॅम गॅस. सायकल संपल्यावर मशीन तो ओढून बाहेर सोडतं आणि स्क्रीनवर सायकल पूर्ण झाल्याचं दाखवतं. इथेच घोटाळा आहे. तो गॅस चेंबरच्या पोकळीतला होता. नळीच्या अंगात मुरलेल्याबद्दल स्क्रीन काहीच बोलत नाही.

लक्षात ठेवायचे आकडे तीनच. 60 अंशाला 8 तास, 50 अंशाला 12 तास, आणि मशीन नसेल तर 20 अंशाच्या खोलीत पीव्हीसीला 7 दिवस. हे आकडे तापमानाइतकेच हवेच्या प्रवाहावर उभे आहेत. गरम कपाट पण पंखा बंद, याला एअरेशन म्हणत नाहीत. सामान टेबलावर मांडून त्यावर सिलिंग फॅन लावणं तर त्याहून वाईट, कारण तेव्हा त्या नळ्यांतला गॅस सिस्टर आपल्या फुप्फुसात घेत असते. काचेच्या बंद कपाटात ताजं सामान ठेवलं की तोच गॅस कपाटात साठतो आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो.

मी 50 अंशाला 12 तास हा एकच नियम सगळ्या लोडला लावते. स्टीलचा एखादा तुकडा असला तरी. मिश्र लोडमध्ये सगळ्यात सावकाश गॅस सोडणाऱ्या वस्तूचं घड्याळ सगळ्यांना लागू. "हे तर मेटलच आहे, एवढं काढून द्या" म्हणून अर्ध्यात दार उघडलं की उरलेल्या लोडचा प्रवाह तुटतो, शिवाय दार उघडणाऱ्याला झटका. लाईट गेली तर? आमच्या भागात मे महिन्यात हा प्रश्न रोजचा. जनरेटरवर लगेच आलं तर ठीक. पंधरा मिनिटांच्या वर गेली की मी एअरेशन पहिल्यापासून मोजते. यंत्र काहीही म्हणो, मी रजिस्टरमध्ये नवी वेळ लिहिते. हा माझा नियम आहे, पुस्तकातला नव्हे, पण त्याने आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही.

जुन्या मशीनमध्ये निर्जंतुकीकरण एका चेंबरमध्ये आणि एअरेशन दुसऱ्या कपाटात असतं. तिथे सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे इथून तिथे नेण्याची दोन मिनिटं. दार आधी फक्त थोडं फटीएवढं उघडा आणि खोलीबाहेर जा. आत याल तेव्हा बास्केट तशीच अख्खी उचला, पाउच एकेक हाताळू नका. आणि ट्रॉली ढकलू नका, ओढा. ढकललीत तर सामानावरून येणारी हवा सरळ तुमच्या नाकात. ओढलीत तर ती मागे राहते. एवढी साधी गोष्ट मला पहिली आठ वर्षं कुणी सांगितली नव्हती.

काळा मास्क

ही गोष्ट आधीच्या हॉस्पिटलमधली, 2009 सालची. तेव्हा मी सीएसएसडीत नवी, आणि भूल देण्याचे काळे रबरी मास्क आम्ही ईटीओत टाकत असू. सकाळी हर्नियाची केस होती. मास्क पहाटे चारला मशीनमधून निघाला होता आणि साडेसहाला भूलतज्ज्ञ सरांच्या ट्रेवर होता. मीच नेऊन दिला. पट्टी हिरवी झालेली, पाउच कोरं, मला वाटलं काम चोख.

पेशंट चाळिशीचा, टेम्पो चालवणारा माणूस. पाऊण तास मास्क तोंडावर होता. रिकव्हरीत नेलं तेव्हा नाकाच्या हाडावर, गालांवरून हनुवटीपर्यंत एक लाल कडं. मास्कच्या फुगीर कडेचा जणू शिक्काच उठला होता. दाबाने आलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. दाबाचं असतं तर तासाभरात उतरलं असतं. संध्याकाळी ते जास्त लाल होतं, आणि दुसऱ्या दिवशी हनुवटीच्या खळग्यात पाण्याने भरलेले बारीक फोड. बायको विचारत होती, "ऑपरेशन पोटाचं ना, मग तोंड कशानं भाजलं?" सर वर आले, मला म्हणाले, "मास्क कशात धुतला होता?" मी साबणाचं नाव सांगितलं. सरांनी परत विचारलं, "ईटीओतून कधी काढला?" मी वेळ सांगितली आणि मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते.

आठ-दहा दिवसांत त्यांचा चेहरा बरा झाला, रंगाचा एक फिका पट्टा मात्र टाके काढायला आले तेव्हाही दिसत होता. त्यांच्याशी मी खोटं बोलले नाही, एवढंच त्यातलं बरं. तोच गॅस मास्कच्या ऐवजी ईटी ट्यूबमध्ये असता तर भाजणं श्वासनलिकेत झालं असतं, आणि ते डोळ्यांना दिसलंही नसतं.

त्या दिवसापासून मी शिकवताना पहिलं वाक्य हेच सांगते. पट्टीचा रंग बदलला म्हणजे गॅस आत पोहोचला. बायोलॉजिकल इंडिकेटर, म्हणजे बॅसिलस ॲट्रोफियसचे बीजाणू असलेली ती कुपी, निगेटिव्ह आली म्हणजे जंतू मेले. गॅस बाहेर गेला हे सांगणारी खूण पाउचवर कुठेच छापलेली नसते. ते फक्त घड्याळ सांगतं.

म्हणून घड्याळ पाउचवर आणा. आम्ही प्रत्येक पाउचला पिवळं स्टिकर लावतो. त्यावर लोड नंबर आणि एकच वेळ: "यानंतर द्या". एअरेशन कधी सुरू झालं ते लिहायचं नाही, कारण मग रात्रपाळीतली दमलेली मुलगी मनात बेरीज करत बसते आणि चुकते. तिला बेरीज करायला लावूच नका. रजिस्टरमध्ये मात्र सगळं: सायकल सुरू, सायकल संपली, एअरेशन सुरू, एअरेशन संपलं, लाईट गेली का, बायोलॉजिकल इंडिकेटरचा निकाल, काढणाऱ्याची सही. "अर्जंट म्हणून वेळेआधी नेलं" असा एक रकाना मी मुद्दाम केलाय, त्यात नेणाऱ्या डॉक्टरांची सही लागते. सहा वर्षांत तो रकाना रिकामा आहे. सही मागितली की घाई कमी होते, हा माझा अनुभव.

वासाचं काय

"वास येत नाहीये, म्हणजे गेला असेल." हे मी दर महिन्याला ऐकते. ईटीओला ईथरसारखा गोडसर वास आहे, पण तो माणसाच्या नाकाला कळतो काही शे पीपीएमला (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग). काम करणाऱ्यासाठी आठ तासांची मर्यादा, अमेरिकेच्या ओएसएचए या कामगार-सुरक्षा संस्थेची, 1 पीपीएम आहे, आणि पंधरा मिनिटांसाठी 5. म्हणजे वास आला नाही याला अर्थ नाही, आणि आला तर तिथे थांबायला जागा नाही. बाहेर पडा, दार ओढून घ्या, जाताना दिव्याचं बटण दाबू नका. हा गॅस हवेत 3 टक्क्यांच्या वर पेट घेतो.

गॅस हवेपेक्षा दीडपट जड आहे, खाली साचतो. मशीनच्या खोलीत तासाला निदान दहा वेळा हवा बदलली पाहिजे, आणि एक्झॉस्टची नळी सरळ इमारतीबाहेर, वर गेली पाहिजे. एका नर्सिंग होममध्ये मी ती नळी खिडकीतून नुसती बाहेर लोंबलेली पाहिली आणि तिच्याखाली मावशी चादरी वाळत घालत होत्या. ओल्या हाताला, ओल्या त्वचेला हा गॅस जास्त लागतो. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची चुरचुर कधीकधी काही तासांनी सुरू होते, त्यामुळे मुली म्हणतात "ॲसिडिटी झाली". सलग दोन दिवस लोड काढल्यावर ॲसिडिटी होत असेल तर आधी मशीनचं गॅस्केट तपासा. गरोदर मुलीची ड्यूटी मी तिथे लावत नाही. फिनलंडमध्ये 1982 साली हॉस्पिटलमधल्या निर्जंतुकीकरण विभागातल्या स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यात गर्भपात जास्त आढळले होते. मुलीने सांगायच्या आधी मला कसं कळणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून आमच्याकडे "सिस्टर, मला चेंज द्या" एवढंच म्हटलं तरी चालतं, कारण विचारत नाही.

मोजायचं कसं

छोट्या नर्सिंग होमला दर लोड मोजणं शक्य नाही आणि गरजही नाही. पण आपली एअरेशनची रीत बरोबर आहे का हे एकदा लॅबकडून तपासून घ्या, आणि मशीन, पाउच किंवा सामानाचा प्रकार बदलला की पुन्हा. आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव आयएसओ 10993 भाग 7. लॅब हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीवर मोजते, म्हणजे नमुन्यातून निघणारा गॅस यंत्रावर मोजते. पाठवायचा नमुना सगळ्यात अवघड निवडा: सगळ्यात जाड रबर, सगळ्यात लांब पीव्हीसी, भरगच्च लोडच्या मधोमध ठेवलेलं. नियमाची वेळ संपली की लगेच हवाबंद पिशवीत, ड्राय आइसवर, त्याच दिवशी कुरिअर. साध्या पाकिटात पोस्टाने पाठवलंत तर वाटेतच एअरेशन होतं आणि रिपोर्ट सुंदर येतो. शक्य असेल तर एकाच लोडमधले तीन नमुने पाठवा: 4 तासांनंतरचा, 8 तासांनंतरचा, 12 तासांनंतरचा. तीन ठिपके जोडले की गॅस कसा उतरतोय ते दिसतं. डॉक्टरांना पटवायला तो एक कागद माझ्या दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडला.

रिपोर्ट कसा वाचायचा? बहुतेक वेळा आकडा ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये येतो. समजा ट्यूबचं वजन 25 ग्रॅम आणि आकडा 40. म्हणजे ट्यूबमध्ये 1000 मायक्रोग्रॅम, 1 मिलिग्रॅम. मानकाची मर्यादा पहिल्या 24 तासांत 4 मिलिग्रॅम ईटीओ आणि 9 मिलिग्रॅम ईसीएच. ट्यूब तीस दिवसांपर्यंत राहणार असेल तर एकूण 60 मिलिग्रॅम. कातडीला टेकणाऱ्या वस्तूला वेगळी मर्यादा आहे, चौरस सेंटीमीटरला 10 मायक्रोग्रॅम. आमच्या त्या काळ्या मास्कची कड कुणी मोजली असती तर काय निघालं असतं, हा विचार मी अजून करते. डोळ्यात बसवायच्या लेन्सची मर्यादा तर दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणून लेन्सच्या आसपास जाणारं काहीही आम्ही ईटीओत घेत नाही.

1 मिलिग्रॅम 4 च्या आत आहे, म्हणून निवांत होऊ नका. पेशंटला एकच नळी लागत नाही. ट्यूब, सर्किट, सक्शन, कॅथेटर, सगळं त्याच दिवशी. आणि ते 4 मिलिग्रॅम 70 किलोच्या माणसासाठी. साधं त्रैराशिक मांडा: साडेतीन किलोच्या बाळाला 0.2 मिलिग्रॅम येतात. मोठ्या माणसाला चालणारी नळी बाळाला पाचपट जास्त झाली. 2019 साली मानकात दुरुस्ती झाली ती याच नवजात आणि तान्ह्या बाळांच्या मर्यादांबद्दल. एनआयसीयूसाठी, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागासाठी, मी आमच्या स्वतःच्या ईटीओतली नळी देतच नाही. कंपनीचं सीलबंद नवं सामान, नाहीतर ऑटोक्लेव्ह. ज्या पाकिटावर "एकदाच वापरा" छापलंय ते धुऊन पुन्हा ईटीओत टाकण्याचा मोह तिथे तरी आवरा. प्रत्येक फेरीला प्लॅस्टिक नव्याने गॅस पितं, हेही खर्चाच्या हिशोबात धरा.

डायलिसिसवाल्यांसाठी एक. ईटीओ केलेल्या डायलायझरमध्ये (डायलिसिसच्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात) गॅस सगळ्यात जास्त साठतो तो दोन्ही टोकांना, जिथे तंतू पॉलीयुरेथेनच्या गोंदात रोवलेले असतात. 1980 च्या दशकात डायलिसिस सुरू होताच पेशंटला धाप, खाज, बीपी उतरणं असे प्रकार झाले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात ईटीओविरुद्धची ॲलर्जीची द्रव्यं सापडली. म्हणून प्रायमिंगचं, म्हणजे लावण्याआधी डायलायझर भरून धुण्याचं, पाकिटावर छापलेलं सलाइन पूर्ण सोडायचं, घाईत अर्ध्यावर थांबवायचं नाही, आणि प्रायमिंग करून बराच वेळ पडून राहिला असेल तर लावण्याआधी पुन्हा धुवायचा. आता बरेच डायलायझर वाफेने किंवा किरणांनी केलेले मिळतात. पाकीट उलटून बघा, चौकटीच्या खुणेत छापलेलं असतं.

जाता जाता, ज्यांना हे सगळं फक्त हॉस्पिटलपुरतं वाटतं त्यांच्यासाठी. 2020 साली भारतातून युरोपात गेलेल्या तिळात ईटीओचे अवशेष सापडले आणि तिळाचे पदार्थ दुकानांतून परत मागवले गेले. तिथली मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि मोजताना गॅस आणि ईसीएच दोन्ही मिळून धरतात. तीळ कोरडे दिसतात, पण क्लोराइड त्यांच्यातही असतंच. त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या विभागात तिळगूळ वाटताना टेक्निशियनने विचारलं, "सिस्टर, एअरेशन झालंय ना?"

घाई मुळातच होऊ नये म्हणून

साडेआठच्या फोनवर खरा इलाज नियमावली नाही, सामानाची संख्या आहे. एकच कॅमेरा केबल आणि दिवसाला तीन लॅप्रोस्कोपी, मग कुणीतरी बारा तासांचे चार करणारच. सायकल धरून एका फेरीला अठरा तास जातात असं समजा, धुणं-वाळवणं-पॅकिंग वेगळं. म्हणजे रोज लागणारी वस्तू निदान तीन हवी: एक वापरात, एक मशीनमध्ये, एक कपाटात. मॅनेजमेंटकडे हे मागताना मी "सेफ्टी" वगैरे शब्द वापरले नाहीत. एका महिन्याचं रजिस्टर नेलं आणि केबलसाठी थांबलेल्या केसेसवर पेन्सिलने खुणा केल्या. तिसरी केबल पुढच्या महिन्यात आली. रबरी मास्क गेले, ऑटोक्लेव्हचे सिलिकॉन आले. महाग वाटले होते, पण वाफेतून अर्ध्या दिवसात परत कपाटात येतात.

मोठा लोड आम्ही शनिवारी संध्याकाळी लावतो: सर्किट, एम्बू बॅगा, रबराचं सगळं जाडजूड. रविवारी ऑपरेशनची लिस्ट नसते, त्यामुळे एअरेशनला कुणाची घाई नसते. सोमवारी सकाळी सातला मामा मास्क-ग्लोव्ह्ज घालून येतात, एक्झॉस्ट चालू आहे ना बघतात, दार फटीएवढं उघडतात आणि चहा प्यायला बाहेर जातात. साडेसातला बास्केट ओढत आणतात. साडेआठचा फोन त्या दिवशी मी पहिल्या रिंगला उचलते.